झेपत नाही म्हणून लिही

“लिही, ‘मला हा विषय झेपत नाही, म्हणून मी स्वेच्छेने मायनर बदलत आहे.’”

सर सांगत होते. मी लिहून राहिली होती. अमरावतीच्या कॉलेजातली त्याइची केबिन. दार मुद्दाम उघडं. बाहेर वर्गातली सात-आठ पोरं सहीसाठी उभी. साऱ्याइले ऐकू जात होतं.

आंतरराष्ट्रीय अभ्यास हा मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, मी हौसेनं घेतला होता. होस्टेलच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. आदल्या दिवशी परदेशातल्या एक पाहुण्या बाई वर्गात आल्या. त्याइनं विचारलं, इथं अजून जातीचा भेदभाव आहे का? सर हसून म्हणले, ते आता पुस्तकातच उरलं. मले राहवलं नाई. उठली, अन् मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, अकोल्याजवळ माया गावात आमचा मसणवटा आजही वेगळा आहे. मागच्या साली आजीले तिथंच नेलं. बस, एवढंच बोलली.

“परक्या माणसासमोर देशाची अब्रू काढलीस,” आज केबिनीत बोलावून सर म्हणले. “हा विषय तुम्हा लोकांसाठी नाही.”

तुम्हा लोकांसाठी. पहिलीपासून ऐकून राहिली मी हे.

नाई म्हणू कशी? अंतर्गत मार्क त्याइच्या हातात. नापास केलं तर घरी बसा. समोर सर, दारात पोरं, मधात मी. अर्ज लिहून झाला, पण सही करवेना. धडधडीत खोटं होतं ते. पहिल्या चाचणीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क माये होते.

बाबा अकोल्याले सरकारी हापिसात शिपाई. कागदं इकडून तिकडं नेण्यात त्याइची जिंदगी गेली. त्याइचं एकच सांगणं, कागदावर खरं लिहाचं, अन् पोच घेतल्याबिगर कागद सोडाचा नाई.

मी त्या ओळीवर काट मारली, वाचता येईल अशी. खाली ‘हा विषय तुम्हा लोकांसाठी नाही’ हे सरचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. अन् शेवटी, ‘माझा मायनर बदलू नये.’ सही. तारीख.

सरनं वाचलं. “फाड हे.”

“नाई फाडत, सर. आता हे स्वेच्छेनं लिहिलं.”

अर्ज घेऊन कॉलेजच्या हापिसात गेली. बाबू म्हणे, उद्या ये. मी खिडकीपासून हटली नाई. तीन वाजता झेरॉक्सवर पोचचा शिक्का पडला.

सर आता हजेरीत मायं नाव भरकन घेतात, मान वर करत नाई. मार्क कापतील. भेव वाटते, खोटं काहून बोलू? पण मी पहिल्या बाकावर बसते. पुढच्या महिन्यात परत पाहुणे येणार आहेत. मी परत उठणार. गावाचा मसणवटा एक होईस्तोवर सांगणार, येईल त्या भाषेत.