नागनाथ गुरुजींचा गुरुवारचा चहा

आदिलाबादकडच्या तामसी मंडलातल्या त्या गावात नागनाथ गुरुजींबद्दल दोन मतं होती. अर्धं गाव म्हणे, हा देवमाणूस. उरलेलं अर्धं म्हणे, हा अडेल घोडा. गुरुजी बौद्ध, देव न मानणारे, त्यामुळे त्यांना स्वतःला दुसरं मतच जास्त पसंत होतं. बायको ताराबाई मात्र सोयीप्रमाणे दोन्ही मतं बाळगून होती.

अडेलपणाचा दाखला म्हणजे पाटलांकडचा चहा. अडुसष्ट साली गुरुजी गावच्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून रुजू झाले आणि पोरांची नावं लिहून घ्यायला पांडुरंगराव पाटलांच्या ओसरीवर गेले. पाटलांच्या आईनं वळचणीला खोचलेली, कान तुटलेली कपबशी काढली. ती बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी वेगळी ठेवलेली असे. गुरुजींनी पोरांची नावं लिहून घेतली, चहाला हात लावला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. असा हा माणूस अकरा वर्षं दर गुरुवारी त्या ओसरीवर जाऊन चहा न पिता आला! रागावला नाही, भांडला नाही, एक गुरुवार चुकवला नाही. अखेर एकोणऐंशी साली पाटलांची बायको रुख्मिणी सासूच्या डोळ्यांदेखत घरातल्या कपात चहा घेऊन बाहेर आली. त्या दिवशी सासू जेवली नाही, आणि गुरुजी दोन कप प्याले.

तेव्हापासून गुरुवारचा हा चहा म्हणजे बौद्धवाड्याची अब्रू झाली. गुरुजी तो सगळ्या गावाला दिसेल असा, फुर्र फुर्र आवाज करत पीत.

एक्याण्णव साली त्यांच्या पोटात आग पडायला लागली. अन्न ठरेना, माणूस वाळून काडी झाला. हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिलाच सवाल केला, "तागुतावा?" म्हणजे पितोस का? गुरुजी तेलुगूत उत्तरले, "फक्त चहा." निघालं ते असं, की जठरामागच्या स्वादुपिंडात खडे धरले होते. डॉक्टरनं खड्यांसकट त्या पिंडाचा बराच भाग कापून काढला. पोटातली आग गेली, पण रक्तातली साखर आवरणारा रस तिथंच तयार व्हायचा, तोही गेला. आता तो रोज दोनदा सुईनं घ्यायचा. डॉक्टरनं बजावलं: साखर बंद. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात भाकरी. आणि खिशात कायम साखरेची पुडी. हातपाय थरथरले, की तोंडात टाकायची.

गावात बातमी पोचली ती पाटलांचा चुलतभाऊ चंपतराव याच्या तोंडून. म्हणजे अर्थातच नासून. "पिंड सडते ते दारूनंच. मास्तर चोरून घेत असन."

गुरुजींनी ऐकलं आणि सुई शिकायला बसले. आधी आठ दिवस वांग्याला टोचून हात बसवला. ताराबाई म्हणाली, "वांगी संपली आता. उद्यापासून सोताले टोचा." औषधाची बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरली. सगळं शिस्तीत. एकच गोष्ट मात्र त्यांना पटेना.

"साखरेचा रोगी अन् खिशात साखर? लोक हासतीन ना!"

"हासू द्या. मरान त रडतीन," ताराबाई म्हणाली. तरी पुडी घरीच राहिली.

पहिला गुरुवार आला. संध्याकाळी सुई टोचून गुरुजी उठले. "तू भाकरी टाक, म्या एक कप बिनसाखरेचा घेऊन आलोच."

ओसरीवर पाटील, चंपतराव, नेहमीची चारपाच टाळकी. रुख्मिणी ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना नेहमीचे पांढरे कप. आणि गुरुजींपुढं एक वेगळा कप ठेवला.

गुरुजींनी कपाकडं पाहिलं. अकरा वर्षं आणि वर बारा, सगळी एकदम डोळ्यांपुढून गेली. ते उठले आणि चपला घालून चालते झाले.

घरी जावं, तर ताराबाई विचारणार. म्हणून गावाबाहेरच्या नाल्याच्या मोरीवर जाऊन बसले. राग असा, की भाकरी आठवली नाही. घाम फुटला, तो उकाड्याचा वाटला. हात कापू लागले, तो राग वाटला. उभं राहायला गेले आणि मोरीला धरून डुलायला लागले.

नेमका चंपतराव त्याच वाटेनं शेताकडं चालला होता. जागेवरूनच येणाऱ्याजाणाऱ्यांना ओरडून म्हणाला, "पाहा रे पाहा! म्हनलो नव्हतो, मास्तर घेते म्हनून!"

इकडं रुख्मिणी, गुरुजी काऊन उठले हे कळेना म्हणून, डोक्यावरचा पदर सावरत भर गावातून थेट बौद्धवाड्यात गेली होती. पाटलीण अशी एकटी चाललेली पाहून पाच घरांतली दूधं उतू गेली म्हणतात. ताराबाईला घेऊन ती गुरुजींना शोधत मोरीवर पोचली, तो चंपतरावाचं व्याख्यान रंगात आलेलं.

"साखर उतरली यांची!" ताराबाई किंचाळली. "कोनी साखर आना वो!"

रुख्मिणी जवळच्या गयाबाईच्या घरात घुसली, डबा उपडा करून मूठभर साखर घेऊन धावली आणि चिमटीचिमटीनं गुरुजींच्या तोंडात घालू लागली. गुरुजींनी साखरेबरोबर तिचं बोटही चावलं.

"आई वो! मास्तरची बुद्धी उतरली, दात नाई उतरले!"

दहापंधरा मिनिटांत गुरुजी माणसांत आले. रुख्मिणीनं आधी चंपतरावाकडं पाहिलं. "तुमी त जाऊच नका भाऊजी, ऐकून जा. मानूस मरून राह्यला होता अन् तुमी तमाशा पाहून राह्यले." मग गुरुजींकडं वळली. "काय केलं म्या? काऊन उठले तुमी?"

"वैनी, वेगळा कप काऊन?"

तिला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ती मोरीवर खालीच बसली. "आमच्या पातेल्यात साखर आधीच पडते, गुरुजी. तुमचा चहा अलग उकळला. कपाची अदलाबदल होऊन तुमच्या पोटात साखर जाऊ नये म्हनून फुलाचा कप आनला. आदिलाबादहून. घरातला सगळ्यात भारी."

मग गुरुजी असं बोलले, जे गावानं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "चुकलो वैनी. कपात काय आहे, ते पाहाच्या आधी कप पाहिला."

"माह्यं चुकलं मंग काहीच नाई?"

"तुमचं मन चांगलं. पन वेगळा कप नाई चालनार. म्या साखर सोडली, तेवढीच."

अडेल घोडा तो अडेल घोडाच!

पुढच्या गुरुवारी रुख्मिणीनं सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा केला, पांढऱ्या कपांत ओतला आणि मधोमध साखरेचा डबा नि चमचा ठेवला. ज्याला लागेल त्यानं घ्यावी. पाटलांनी तोंड वाकडं केलं. फुलाच्या कपात रुख्मिणी स्वतः पिऊ लागली. गुरुजींच्या खिशात पुडी आली. ओसरीवर कोणी हसलं, तर ते पुडी सोडून सगळ्यांना दाखवत आणि साखर चढली तर काय, उतरली तर काय, याचा तास घेत.

एका गुरुवारी चंपतरावानं डब्यातून चौथा चमचा भरला आणि थबकला. गुरुजी त्याच्या पायाकडं बघत होते.

"माह्या चमच्यावर डोळा काऊन ठेवता मास्तर?"

"चमच्यावर नाई. ते अंगठ्याची जखम दिवाळीपासून आहे. रात्री मुताले किती वेळा उठता?"

ओसरी हसली. चंपतराव हसला नाही. चमचा डब्यात परत ठेवून हळूच म्हणाला, "चार. कधी पाच."

"उद्या पयल्या बसनं आदिलाबाद. उपाशीपोटी चाला," गुरुजी म्हणाले. "म्या येतो संगं. अन् भेऊ नका, वांगी माह्या घरची."