महागाईचं एकच कारण

आमगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत अर्थशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. देवरी, सालेकसा, पार चिचगडकडची मुलंमुली वसतिगृहात राहून शिकायची आणि माझ्या टिपणांवर पास व्हायची. टिपणं मी सावकाश, स्वल्पविरामासकट सांगायचो.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी निवडणूक लागली. माझा एक जुना विद्यार्थी एका पक्षाचा उमेदवार होता. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा. आता मात्र गाडीतून उतरून माझ्या पाया पडला.

"सर, लोकं आमचं मानून नाही राहिले. तुमचं मानतेत," तो म्हणाला. "चिचगडच्या बाजाराच्या दिवशी सभा आहे. महागाई कोनामुळं झाली, एवढंच सांगा."

कोणामुळे, हे त्याने आधीच ठरवलं होतं: समोरच्या पक्षामुळे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण घरी बसून वर्ष झालं होतं, कोणी काही विचारत नव्हतं, आणि समोर माईक दिसत होता. मी हो म्हणालो.

भाषण उत्तम झालं. तेल, गॅस, खत, मुलांच्या वह्या, एकेका वस्तूचं नाव घेऊन मी विचारायचो, "हे महाग कोणी केलं?" आणि मंडपातले लोक समोरच्या पक्षाचं नाव घ्यायचे. वर्गात मला एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. टाळ्या वाजत असतानाच मी खाली उतरलो आणि उमेदवाराची पाळी येईपर्यंत चारोळी घ्यावी म्हणून बाजारात शिरलो.

मोहफुलं आणि चारोळी घेऊन बसलेल्या एका बाईने मला ओळखलं. तिची मुलगी माझ्याकडे शिकलेली.

"भाषन आयकलं जी, सर," चारोळी मोजता मोजता ती म्हणाली. "पन माह्या पोरीच्या वहीत तर महागाईची सात कारनं आहेत. तुमीच लिवून देल्ली. पोरगी रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचे, म्हनून मलेही पाठ झाली. आज एकच कारन कायले सांगतलं?"

"वर्गातली गोष्ट वेगळी असते, बाई," मी म्हणालो.

"काऊन? वर्गातलं खोटं होतं का?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्या वहीवर भरवसा ठेवून तिने मुलीला शिकवलं होतं. माझी कानशिलं गरम झाली. चारोळीची पुडी हातात धरून मी तसाच मंडपाकडे वळलो.

दोन मिनिटं बोलायचं राहिलं, असं सांगितल्यावर उमेदवाराने खुशीत माईक दिला.

"मघाशी मी तुम्हाला अर्धवट शिकवलं," मी म्हणालो. "महागाईची कारणं सात आहेत. परदेशातून येणारं तेल हे एक. ते कोणत्याच पक्षाच्या हातात नाही. बिघडलेलं हवामान हे दुसरं. साठेबाजी तिसरं, आणि ती थांबवणं दोन्ही पक्षांच्या हातात होतं."

चौथ्या कारणाला माईक बंद पडला. बिजली गेली, असं कोणीतरी म्हणालं. पंखे मात्र चालूच होते. पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायला मला कधी माईक लागला नव्हता. उरलेली चार कारणं मी तशीच सांगितली आणि शेवटी म्हणालो, "कोणीही येऊन दुसऱ्याला दोष दिला, तर त्याला विचारा: यातलं तुझ्या हातात काय होतं, आणि तू काय केलं?"

टाळ्या वाजल्या नाहीत. परत जायला मला कोणी गाडी दिली नाही. मी बसने आलो, आणि बऱ्याच दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

बायको गोंदियाची, तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी. सगळं ऐकून ती म्हणाली, "अब भुगतो," आणि हसत हसत वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या पक्षाचे लोक शाल घेऊन दारात हजर. "सर, कमाल केली तुम्ही. आता आमच्या सभेत या."

"येतो. पण सातही कारणं सांगीन."

"सांगा ना," ते म्हणाले. ती कारणं कोणती, हे त्यांनी विचारलंच नाही.

देवरीच्या त्या सभेत पाचव्या कारणाला माझ्या हातात चिठ्ठी आली: वेळ संपला. पाचवं कारण त्यांच्या सत्तेच्या काळातलं होतं. चिठ्ठी खिशात घालून मी सातव्यापर्यंत गेलो. शाल त्यांनी परत मागितली नाही, एवढं खरं.

निवडणूक झाली आणि माझा विद्यार्थी आरामात निवडून आला. माझ्या भाषणाने त्याचं काही बिघडलं नाही. आपण बोललो आणि जिल्हा हलला, असं काहीसं मला वाटायला लागलं होतं; ते वारं उतरलं, बरं झालं. त्याने मात्र माझ्याशी बोलणं सोडलं.

चार-पाच महिन्यांनी तो मला आमगाव स्टेशनवर भेटला. नजर चुकवून पुढे गेला, मग परत आला.

"सर, तुमी माहं नुकसान करायले निघाले होते."

"निवडून आलास ना?"

"आलो."

"मग नुकसान कुठं झालं?"

तो बाकावर माझ्याशेजारी बसला. "जिथं जातो तिथं लोकं विचारून राहिले, तुह्या हातात काय होतं म्हनून. चिचगडची ते चारोळीवाली बाई तर बोटं मोजून विचारते. परवा ग्रामसभा आहे. काय सांगू?"

"साठेबाजीचं काय केलं, ते सांग. खत वेळेवर का आलं नाही, ते सांग. रस्ता खराब म्हणून माल आणायला खर्च जास्त लागतो, तो रस्ता तुझ्याच अखत्यारीत आहे. आणि परदेशातल्या तेलाचं म्हणशील तर सरळ सांग, ते माझ्या हातात नाही. लोकांना ते समजतं."

गाडी उशिरा आली, त्यामुळे सातही कारणं पुन्हा एकदा शिकवून झाली. या वेळी त्याने नीट ऐकलं.

त्या ग्रामसभेला मी गेलो नाही. खत आणि रस्ता या दोन गोष्टी त्याने आपल्या अंगावर घेतल्या, साठेबाजीचा विषय टाळला आणि बाकीचं समोरच्या पक्षावर ढकललं, असं मला कळलं. म्हणजे सातांपैकी दोन; वर्गात त्याला एवढे गुण कधी मिळाले नव्हते.