ऐकू न आलेला 'अ'

कुणी मागितला नसताना मी माझ्या घरासमोरचा कट्टा स्वतःच्या खर्चाने फोडून टाकला.

झालं असं, की मी दाढी करत होतो आणि गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. 'रस्ता अरुंद करण्याचे काम सुरू होत आहे, नागरिकांनी सहकार्य करावे.' बोलणारा घाईत. त्याने 'रस्ता'चा शेवट आणि 'अरुंद'चा आरंभ एकात एक घातला. माझ्यापर्यंत आलं ते 'रस्तारुंद'. आता सांगलीत हयात गेलेल्या माणसाला रस्ता रुंद होतो म्हणजे काय ते ठाऊक असतं. जेसीबी येतो, पायऱ्या जातात, जिना हवेत लटकतो. म्हटलं, त्याने हिसका देऊन निम्मी भिंत नेण्यापेक्षा आपणच सुबक फोडावं. कट्ट्याचा राडारोडा करून मी शेजाऱ्यांना आदर्श नागरिक कसा असावा हेही ऐकवून आलो.

बायकोने तेवढं समोरच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणखी रुंद केला तर आक्का कायमच्याच जाणार की हो!"

आक्का समोरच्या घरातल्या, मूळच्या जतकडच्या. दुपारच्या चहाला आमच्याकडे यायच्या. पण कुपवाडच्या कारखान्यांकडे निघालेल्यांना आमची सरळसोट गल्ली जवळची वाट म्हणून सापडली, आणि एका मोटारसायकलच्या हँडलने आक्कांना आडवं केलं. मनगट जुळलं, पण उंबरा ओलांडायचा धीर काही जुळेना. मुलगा म्हणू लागला, इथं कोंडून बसण्यापेक्षा तुला गावाकडं सोडतो. गावाकडे घर होतं, बोलायला माणूस नव्हतं.

मग कामाची माणसं आली. त्यांनी फक्कीने रेघ ओढली ती भलतीकडेच, पार डांबराच्या आत. मी पुढे होऊन मुकादमाला म्हणालो, "माझं मी आधीच फोडून ठेवलंय हं!"

"कशापायी?" त्याने विटांकडे पाहिलं. "सायेब, आमी फूटपाथ वाढवायला आलोय. रस्ता बारीक हुतोय."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. हसण्याचा आवाज मात्र बाहेरच राहिला.

फूटपाथ दोन्हीकडून पुढे सरकले. मधे एक मोटार जेमतेम जाईल एवढी वाट उरली आणि आमच्या दारासमोर रस्ता उचलून फूटपाथाच्या बरोबरीला आणला. सुरुवातीला गाडीवाल्यांनी यथेच्छ शिव्या घातल्या. त्यात मीही होतो, कारण माझ्या गाडीचा डावा गाल पहिल्याच दिवशी खरवडला. पण वेग उतरला तो उतरलाच. पोरं फूटपाथवर सायकली शिकायला लागली. भाजीवाली हातगाडी थांबवून निवांत भाव करू लागली.

आणि एका दुपारी आक्का फाटकाबाहेर आल्या. काठी नाही, कुणाचा हात नाही. बायको दारात श्वास रोखून उभी. माझ्याच्याने राहवेना. मी उडी मारून रस्त्याच्या मधोमध गेलो, दोन्ही हात पसरले आणि ओरडलो, "थांबा! आक्का, या तुम्ही, घाबरू नका, मी आहे!"

दोन मोटारसायकली आधीच पाय टेकून उभ्या होत्या. हॉर्नसुद्धा नाही. आक्का सावकाश, पण न अडखळता माझ्यापर्यंत आल्या. थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आवं, गाड्या कवाच्या थांबल्यात. आता वाटंत तुमीच हायसा. सरका की!"