निनावी फंक्शन आणि साहेबांची मराठी

मंडळी, आज ऑफिसात एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कोडच्या एका तुकड्याने, आमच्या टीम लीड साहेबांची पार लाज काढली.

वर्ल्ड कप तोंडावर आलाय आणि आम्ही स्टेडियमच्या गेटचं सॉफ्टवेअर लिहितोय. सकाळच्या ट्रायलमध्ये रद्द केलेल्या तिकिटालाही गेट उघडलं. साहेब लगेच म्हणाले, "शाजीचं काम, दुसरं कोण?" शाजी केरळचा, बिचारा उलट बोलत नाही. त्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय.

हे साहेब पक्के पुण्याचे. पण दोहात उतरल्यापासून मराठी विसरलेत. माझ्याशीसुद्धा इंग्रजीतच बोलतात.

घोळ एका निनावी फंक्शनमध्ये होता. नावच नाही, म्हणजे ढकला कुणावरही! मी रिफ्लेक्शन वापरलं. म्हणजे चालू प्रोग्रॅमलाच विचारलं, की या फंक्शनने पोटात काय धरून ठेवलंय? एकच व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला डबा, निघालं. इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध मराठी: 'नंतरबघू'.

टीममध्ये मराठी साहेब आणि मी, दोघंच, आणि मी त्या कोडला कधी हातही लावलेला नाही.

आमच्या इजिप्शियन मॅनेजरने त्या शब्दाचा अर्थ विचारला. साहेब म्हणाले, "पेंडिंग रिव्ह्यू." काय ती प्रतिभा! मी खरा अर्थ सांगितला, आणि शब्द मराठी आहे हेही. खलास. शाजी सुटला.

दुपारी कॉफी मशीनपाशी साहेब हळूच जवळ आले. "अरे, आपण आपली माणसं. मिटव ना आता."

आली बघा मराठी!

मी म्हटलं, "सॉरी सर, इंग्लिश प्लीज."

सांगा, काही चुकलं का माझं?