गायकवाडकाकांचा न धुतलेला शर्ट

"डॉक्टरबाई, चिमी जेवली का?"

"नाही काका. अजून नाही."

"रुसली असेल. मला सोडतील आता लवकरच. तिला सांगा तसं."

गायकवाडकाका ठाण्याच्या हॉस्पिटलमधून रोज सकाळी हाच फोन करायचे. काका एसटीचे निवृत्त मेकॅनिक. नोकरी खोपटच्या डेपोत, घर वर्तकनगरला, आणि बायको गेल्यापासून सोबतीला ही एक मांजर. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, मुक्काम लांबला. मुलगी सुजाता पुण्याहून धावत आली, पण तिला दमा. मांजर घरात असलं की तिला श्वास पुरत नाही. म्हणून चिमी बाजाराच्या पिशवीत बसून कल्याणजवळच्या आमच्या शेल्टरमध्ये आली. मी तिथली व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर.

मांजराचं न जेवणं हा रुसवा नसतो. विशेषतः चिमीसारख्या गुबगुबीत मांजराचं. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते. मग लिव्हर बिघडतं, मळमळ वाढते, आणि जे मांजर खात नव्हतं ते आता खाऊच शकत नाही. आमच्याकडे येणारी मांजरं जखमांनी मरतात तशी या चक्रानेही मरतात.

ब्लड टेस्ट केली. आजार काही नव्हता. आजार म्हणजे आमचं शेल्टर होतं.

इथे एक शब्द सांगायला हवा, एन्रिचमेंट. लोकांना वाटतं, म्हणजे खेळणी. बॉल आणून देतात, फोटो काढतात, जातात. पिंजऱ्यातल्या कुत्र्याला बॉलपेक्षा काम हवं असतं. गोणपाटाच्या गुंडाळीत खाणं लपवून दिलं की दिवसभर गोल गोल फिरणारा कुत्रा अर्धा तास नाक खुपसून शोधत बसतो, आणि मग चक्क झोपतो. मांजराला आधी लपायला जागा हवी. आणि ओळखीचा वास. मांजर ज्या वस्तूला गाल घासतं, तिच्यावर स्वतःचा वास सोडतं. तेवढ्यापुरतं ते जग त्याचं असतं. आमच्याकडे रोज सकाळी फिनाईल मारून ते जग पुसून टाकलं जायचं.

मी चिमीला पुठ्ठ्याचा खोका दिला आणि सुजाताला फोन केला. "बाबांचा एखादा वापरलेला शर्ट आणून द्या. न धुतलेला."

"अहो, असा मळका कसा देऊ? घामाचा वास येतोय त्याला!"

"तोच हवाय."

शर्ट आला. पलंगाखाली पडलेला, कॉलर काळी झालेला. मी तो खोक्यात घातला. चिमीने आधी लांबूनच मान ताणून हुंगलं, मग आत जाऊन त्यावर गाल घासला आणि पाय पोटाशी घेऊन बसली. संध्याकाळी वाटीतले चार घास कमी झाले होते. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. काकांना फोनवर सांगितलं तर त्यांच्याने बोलवेना. नर्सने फोन घेतला आणि मलाच विचारलं, "काय झालं हो? आजोबा रडतायत."

त्यानंतर मला एका वर्कशॉपसाठी नाशिकला जावं लागलं. जाताना मॅनेजर नितीनला बजावलं, "खोक्याला हात लावायचा नाही."

खोक्याला कुणीच हात लावला नाही.

शुभदाताई आमच्या सर्वांत जुन्या व्हॉलंटियर. डोंबिवलीच्या. बँकेतून रिटायर झालेल्या. पाऊस असो, रिक्षाचा संप असो, बाई हजर. शेल्टर आज चालतंय त्यात त्यांचा मोठा वाटा आहे, हे आधी सांगते. रविवारी देणगीदार येणार होते. शुभदाताईंनी सगळे पिंजरे आवरले, खोका जागच्या जागी ठेवला, फक्त आतला मळका शर्ट घरी नेला. साबणात भिजवला, धुतला, कम्फर्टच्या सुगंधी पाण्यात बुडवला, इस्त्री केली आणि घडी घालून पुन्हा चिमीच्या खोक्यात ठेवला. मी परतले तेव्हा शर्ट गुलाबासारखा घमघमत होता आणि चिमी खोक्याबाहेर कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती, वाटी भरलेलीच.

"कुणी धुतला हा?" मी ओरडले.

"मी गं," शुभदाताई म्हणाल्या. "बिचारीला घाणीत काय झोपवायचं?"

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. तो गिळला आणि सुजाताला फोन लावला. "दुसरा एखादा कपडा द्या. उशीचा अभ्रा, टॉवेल, काहीही."

ती म्हणाली, "डॉक्टर, बाबा घरी येणार म्हणून मी कालच सगळं धुऊन काढलं. चादरी, अभ्रे, पडदेसुद्धा. त्यांना इन्फेक्शन नको व्हायला म्हणून."

तिचंही काही चुकलं नव्हतं. त्या घरात काकांचा वास असलेली एकही चिंधी उरली नव्हती.

हॉस्पिटलच्या सिस्टरला विनवलं. तिने काकांना दिवसभर घरचा शर्ट घालू दिला. तो सुजाता पिशवीत बांधून घेऊन आली. पण त्याला स्पिरिट आणि मलमपट्टीचा उग्र दर्प होता. चिमीच्या लेखी तो वास म्हणजे इंजेक्शन. ती आणखी मागे सरकली.

"मग पाच मिनिटं मांजरालाच आणू का वॉर्डमध्ये?" मी सिस्टरला फोन करून विचारलं.

"मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर ना? आजोबांची जखम उघडी आहे."

बरोबर होतं तिचं. मीही हेच सांगितलं असतं.

पुढचं लवकर संपलं. कानांच्या आतली कातडी पिवळी दिसायला लागली, म्हणजे कावीळ. नाकातून नळी घालून पातळ अन्न दिलं, सलाईन लावलं. एका सकाळी तिने माझ्या हाताला गाल घासला. मला वाटलं, सुटलो. दुपारी ती गेली.

फोनवर सांगणं जमेना म्हणून ठाण्याला गेले. काका पलंगावर टेकून बसले होते. मी सगळं क्रमाने सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"म्हणजे शेवटी वासच हवा होता तिला," काका म्हणाले. "माणूस नाही तर नाही. वास."

"हो."

"आणि तेवढा पण आपल्याला देता नाही आला."

सुजाता बाहेर पॅसेजमध्ये निघून गेली. काकांनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "त्या धुणाऱ्या बाईंना काही बोलू नका. चांगल्या मनाने केलं त्यांनी."

"मी बोलले, काका. कालच बोलले."

"कशाला?"

"नाहीतर उद्या दुसऱ्याचं धुतील."

शुभदाताई त्यानंतर बरेच दिवस आल्या नाहीत. आता येतात, पण मांजरांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. कुत्र्यांची गोणपाटं भरतात. मी त्यांना आत या म्हणून आग्रह केला नाही. तेवढं मोठं माझं मन नाही.

मांजर ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली स्वतः फोन करते. धन्याचा अंगातला कपडा आणा, न धुतलेला, असं दोनदा बजावते. दहातले आठ जण धुऊनच आणतात. इस्त्री करून, स्वच्छ पिशवीत घालून. "तुमच्याकडे मळकं कसं घेऊन येणार डॉक्टर, बरं दिसत नाही," म्हणतात. मी पिशवी उघडून हुंगते आणि त्यांना आल्या पावली परत पाठवते.