उन्हाचा आकडा

पुंजाजी होले गेल्याची बातमी मला प्राध्यापकांच्या खोलीत कळली, आणि तीही सुटी मिळणार की नाही या वादातून. कॉलेजचा माणूस गेला की अर्धा दिवस सुटी द्यायची, ही आमची पद्धत. पण पुंजाजी पडले पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक, म्हणजे तारा जोडणारे आणि काचा पुसणारे. तेव्हा ते ‘कॉलेजचा माणूस’ या व्याख्येत बसतात का, यावर इतिहासाचे एक आणि तर्कशास्त्राचे एक असे दोन विद्वान चहा गार होईपर्यंत भांडत होते. शेवटी मधल्या सुटीत दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. त्या दोन मिनिटांआधी आमच्या विभागप्रमुखांनी चार शब्द बोलायची हौस भागवून घेतली. “निष्ठावान सेवक, हाताला वळण असलेला, आपली पायरी ओळखून वागणारा...” असं बरंच काही. हे सगळं त्यांनी ‘पुंजाजी मोरे’ यांच्याविषयी सांगितलं. वीस वर्षं ज्याच्याकडून रोज पाण्याचा पेला घेतला, त्याचं आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी दुरुस्त केलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि मीही केलं नाही.

आज पाच आठवडे झाले. रविवारच्या पुरवणीसाठी मृताविषयी गोड लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी हा लेख इथंच सोडावा.

पुंजाजी मोर्शीकडचे. घरी वांगी, मिरची आणि झेंडूचा मळा. मॅट्रिक होऊन ते अमरावतीला आले आणि प्रयोगशाळेत चिकटले ते शेवटपर्यंत. आमचे प्रमुख विलायतेला जाऊन आलेले, मूळ पुण्याचे. वऱ्हाडी कानावर पडली की ते नाक असं चढवत, जणू कुणी खोलीत खताची पाटी आणून ठेवली आहे. वायूतून वाहणारी वीज हा त्यांचा आवडता विषय. बंद काचेत थोडा वायू किंवा पाऱ्याची वाफ कोंडायची, तिच्यातून वीज सोडायची, की आतली वाफ निळी-जांभळी उजळते. दरवर्षी ते अंधार करून मुलांना हा उजेड दाखवत आणि त्यावर पाऊण तास इंग्रजीत बोलत. नळी मात्र पुंजाजी जोडत. नळीच्या मागं वीज आवरणारं तारेचं एक वेटोळं घालावं लागतं, नाहीतर एकदा पेटलेली नळी वीज पीत सुटते आणि फुटते. प्रमुखसाहेब ते वेटोळं दोनदा विसरले होते. दोन्ही वेळा पुंजाजींनी न सांगता ते घातलं, आणि दोन्ही वेळा साहेबांना त्याचा पत्ता लागला नाही.

पुंजाजींची स्वतःची एक रीत होती, आणि तिच्यासाठीच हा लेख आहे. त्या नळीच्या पोटात काय चालतं, हे आम्ही फळ्यावर अणूंची चित्रं काढून शिकवत असू. पुंजाजी म्हणत, आत काय चाललं आहे ते आपल्याला दिसत नाही, तर तो विषय ठेवा बाजूला. तारेला ती नळी कशी भासते, एवढं पाहा. मग ते एक फळी घेत. तिच्यावर उलटी जोडलेली बॅटरी, तिच्या पुढं थोडी अडवणारी तार, आणि वीज एकाच बाजूनं सोडणारी तांब्याच्या चकत्यांची चळत. ही फळी त्या काचेच्या जागी जोडली की बाकीच्या तारांना फरकच कळत नसे. काच असो वा फळी, मीटरचा काटा तोच आकडा दाखवे. हिला ते ‘खोटी नळी’ म्हणत. एकदा त्यांनी हे प्रमुखसाहेबांना दाखवलं, तेव्हा साहेब हसले. म्हणाले, काचेत पारा आहे, बॅटरी कुठं आहे ती दाखवा पाहू. विद्यार्थीही हसले, आणि प्रमुखांच्या विनोदाला हसणं हा तेव्हा माझ्या नोकरीचा भाग होता, म्हणून मीही हसलो.

लढाई सुरू असतानाची गोष्ट. अकोल्याच्या एका सिनेमागृहात पडद्यावर उजेड पाडणाऱ्या यंत्राला एकाच दिशेनं वाहणारी वीज लागे, आणि गावातली वीज क्षणोक्षणी दिशा बदलणारी. मध्ये ती सरळ करायला पाऱ्याचा एक मोठा गोळा बसवला होता. भोपळ्याला धुमारे फुटावेत तसा तो दिसे, काचेचा, आणि आत जांभळा उजेड नाचत असे. वैशाख लागला आणि दुपारच्या खेळाला तो गोळा उलटी वीज सोडू लागला. फ्यूज उडे, अंधार होई, आणि खुर्च्या मोडल्या जात. मुंबईचा एक तज्ज्ञ आला. कोट न काढता त्यानं दहा मिनिटं पाहिलं आणि गोळा गेला, नवा मागवा, असं सांगून तो परतला. समुद्रावर पाणबुड्या फिरत असताना नवा गोळा कुठून मागवायचा, हे सांगायची जबाबदारी तज्ज्ञाची नव्हती. तिथला ऑपरेटर चांदभाई पुंजाजींना ओळखत होता. त्यानं निरोप धाडला. पुंजाजी उन्हाळ्याच्या सुटीत आपली फळी काखेत मारून बडनेऱ्याला गाडीत बसले, आणि मला काही उद्योग नव्हता म्हणून मीही गेलो.

आठ दिवस ते सिनेमायंत्राच्या केबिनमध्ये बसले. वर तापलेले पत्रे, आत यंत्राची धग. दर अर्ध्या तासानं ते कमी भारावर एकदा गोळा जोडून काटा पाहत, एकदा फळी जोडून पाहत. सकाळी दोघांचं तंतोतंत जुळे. दुपारी बारानंतर गोळा फळीपासून फटकून वागू लागे. फळी बदलली नव्हती, तारा बदलल्या नव्हत्या. बदललं होतं ते फक्त ऊन. गोळा विलायतेत थंड खोलीसाठी बनवलेला, आणि आपण त्याला वैशाखातल्या अकोल्यात पत्र्याखाली ठेवलेला. आतली वाफ वाढली की त्याला दिशेचं भान राहत नाही. मग पुंजाजींनी फळीवरच्या बॅटरीशेजारी खडूनं आणखी एक आकडा लिहिला, उन्हाचा. अमुक गरमीला गोळा असा भासतो, तमुक गरमीला तसा, आणि याच्यापुढं त्याला चालवूच नका. केबिनच्या खिडकीला खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, बांधली, ती ओली ठेवली, आणि मागून पंखा लावून ती हवा गोळ्यावर सोडली. त्या दिवशीचा दुपारचा खेळ शेवटपर्यंत चालला. चांदभाईनं पुंजाजींना मिठी मारली. मला कुणी मिठी मारली नाही, ते योग्यच होतं.

परत येताना मूर्तिजापूरच्या फलाटावर पुंजाजींनी मनातलं सांगितलं. मुलांना प्रयोग शिकवणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होत होती. पदवी नसली तरी स्वतःचं काही संशोधन छापून आलं असेल तर नियमात सवलत होती. त्यांनी हे सगळं मराठीत चार पानांवर लिहिलं होतं, आणि ती पानं मी केबिनमधल्या खिळ्यावरून काढून आधीच पिशवीत टाकली होती. तुम्ही इंग्रजी करून द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं.

इंग्रजी मी केलं. चांगलं केलं. मग प्रमुखसाहेबांनी मला बोलावलं. साहाय्यकाच्या नावानं असं काही पाठवलं तर संपादक उघडूनसुद्धा पाहणार नाही, म्हणाले. नाव त्यांचं टाकायचं, तळाशी पुंजाजींचे आभार. आणि ते टट्टीचं काढून टाका, म्हणाले. शास्त्रीय निबंधात खसाची टट्टी शोभत नाही. टट्टी गेली तशी तिच्याबरोबर उन्हाच्या आकड्याची सगळी यादीच गेली, कारण तिचा अर्थ त्यांना लागला नव्हता. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. साफ प्रत माझ्या हातची आहे. तळाशी आभारही राहिले नाहीत, ते जागेअभावी गेले म्हणे. मूळ चार पानं साहेबांच्या टेबलावर राहिली आणि पुढं कुणाला दिसली नाहीत.

छापलेला अंक आला तेव्हा पुंजाजींनी तो उभ्याउभ्या वाचला. मी मनाची तयारी करून बसलो होतो. ते म्हणाले, “सर, याच्यात उनाचा आकडा राह्यला ना. हे वाचून कोनी गोळा बसवला तं फुटीन.” स्वतःच्या नावाविषयी एक अक्षर नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, अगदी खरं सांगतो, त्यांची कीव करायचीही इच्छा झाली नाही. घर लुटलं गेलं आणि हा माणूस दिव्याची वात सारतो आहे, असं वाटलं. पण वात सारायची गरज होतीच. वर्षभरात अमरावतीच्या एका सिनेमावाल्यानं तो निबंध वाचून, प्रमुखसाहेबांचा सल्ला घेऊन, आपला गोळा पत्र्याच्या बंद खोलीत बसवला. चैत्र सरायच्या आत तो फुटला. थिएटर बंद पडलं, आणि मालक छापील पानं हातात घेऊन कॉलेजात आला.

प्राचार्यांच्या खोलीत आम्हाला सगळ्यांना बोलावलं. साहेब शांतपणे म्हणाले की मोजमापं प्रयोगशाळेतल्या माणसानं केली होती. म्हणजे निबंध निघाला तेव्हा जे नाव तळाशीसुद्धा मावलं नाही, ते गोळा फुटल्यावर बरोबर आठवलं. आडनाव तेव्हाही नाही, नुसतं ‘आमचा पुंजाजी’. पुंजाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. उन्हाची यादी मी माझ्या हातानं गाळली होती. मी तसं सांगितलं असतं तर तो विषय दोन वाक्यांत संपला असता. मी खिडकीबाहेरचा कडुनिंब पाहत राहिलो... माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मग पुंजाजी प्राचार्यांना म्हणाले, “चूक कागदात हाय साहेब. अन् कागद कोनाचा हाय, ते वरतं लिवलं हाय.”

याला उद्धटपणा म्हणतात. त्यांचा डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेचा अर्ज परत आला. ती जागा साहेबांच्या एका भाच्याला मिळाली, ज्याला बॅटरीचं कुठलं टोक कुठलं हे पुंजाजींनीच शिकवलं. पुंजाजी त्यानंतरही मला सर म्हणत राहिले, घरच्या मळ्यातली वांगी आणून देत राहिले. फक्त त्यांनी मला पुन्हा कधीही एकही कागद दाखवला नाही. काही लिहीत असले आणि मी दारात आलो, की वही मिटत. हे इतक्या सहज करत की बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. मी मात्र दरवेळी ते पाहत होतो, आणि पाहिलं नाही असं दाखवत होतो.

त्या दोन मिनिटांच्या शोकानंतर मला उशिरा शहाणपण सुचलं. तो निबंध पूर्ण आणि त्यांच्या नावानं छापायचा, असं मी ठरवलं. प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट उघडलं तर भाच्यानं ते आधीच साफ करून रद्दी काढली होती. म्हणून मागच्या आठवड्यात मी अकोल्याला गेलो. चांदभाई आता म्हातारा झाला आहे, एका डोळ्यानं त्याला कमी दिसतं. केबिनमध्ये गोळा तोच आहे, अजून चालतो. त्याच्या शेजारी भिंतीवर काचेच्या चौकटीत, लोक देवाचा फोटो लावतात तसा, एक कागद होता. पुंजाजींच्या अक्षरात सगळी यादी, कुठल्या गरमीला बॅटरीचा आकडा किती, कुठं थांबायचं. मूळ पानं गेल्यावर त्यांनी चांदभाईसाठी पुन्हा लिहून दिलेली. खाली सही होती. चांदभाईनं आग्रह करून करायला लावलेली, असं तोच म्हणाला.

मी त्याला पुंजाजी गेल्याचं सांगितलं. त्याला माहीत होतं. तो मोर्शीला जाऊन मातीला हजर राहून आला होता. आमच्या कॉलेजातून तिथं कुणी गेलं नव्हतं. मग मी त्याला माझा बेत सांगितला, आणि चौकट उतरवायला हात वर केला. त्यानं माझं मनगट धरलं. जोरानं नाही.

“हे इथंच राहू द्या साहेब,” तो म्हणाला. “मागच्या खेपेले बी कागद तुमीच नेला होता.”

दुपारच्या खेळाची वेळ होत आली होती. मी म्हटलं, मग इथंच उभा राहून उतरवून घेतो. त्यानं होकारार्थी मान हलवली, टट्टीवर पाणी मारलं, आणि माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी वही काढली आणि यादीची पहिली ओळ लिहू लागलो. त्याचं बोट माझ्या खांद्यावरून आलं आणि काचेवर खाली, सहीवर टेकलं.

“आधी नाव लिवा,” तो म्हणाला.

मी ती ओळ खोडली आणि वहीच्या अगदी वर लिहिलं: पुंजाजी लक्ष्मण होले.