मेडिकलच्या यादीतलं माझं नाव

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा मी विदर्भातल्या आमच्या गावी, घाटंजीला परत आले. आई-बाबा दोघंही आता नव्हते, घर तेवढं होतं. सकाळी लॅपटॉपवर अर्ज पाठवायचे, दुपारी वरण-भात लावायचा, संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालायचं. कधी पाणी घालताना लक्षात यायचं, की आज आपण एकही शब्द बोललो नाही.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून चौकातल्या मेडिकलमध्ये गेले. दुकानातल्या काकूंनी एका गोळीसाठी पाच खण उघडले. काका वारल्यापासून त्या एकट्याच दुकान सांभाळत होत्या. भिंतीवरचं फार्मसीचं सर्टिफिकेट त्यांच्याच नावाचं होतं, पण कोणतं औषध कुठं ठेवायचं हे वर्षानुवर्षं काकांनी ठरवलं होतं आणि कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

"तू कम्प्युटरचं शिकली ना व?" काकू म्हणाल्या. "मले असं काही करून दे, नाव टाकलं का खण दिसला पायजे."

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप घेऊन काउंटरमागच्या स्टुलावर बसू लागले. काकूंना दिसणारा पडदा, मागचा सर्व्हर, सगळं जावास्क्रिप्ट या एकाच प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचं ठरवलं, म्हणजे पुढंमागं मला एकटीला दुरुस्त करता येईल. नेटचा भरवसा नव्हता, म्हणून डेटाबेस दुकानातल्याच जुन्या कम्प्युटरवर बसवला. मग एकेक खण रिकामा केला. काकू औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी वाचायच्या, मी टाइप करायचे. मध्येच काकांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली की काकू थांबायच्या. मी पडद्याकडे बघत राहायचे.

गिऱ्हाइकं औषधाचं नाव कधीच घेत नसत. "ते चकराची गोळी द्या, गुलाबीवाली." मग बोलीतल्या नावांसाठी मी वेगळा रकाना केला. 'चकराची गुलाबी' टाकलं की पडद्यावर तिसऱ्या रॅकचा सातवा खण यायचा. ते पाहून काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

शेवटचं काम मेसेजचं. बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्या संपत आल्या की सकाळी नऊला आठवण जायला हवी होती. तपासायला मी माझंच नाव आणि नंबर टाकला, आणि रोज संपणारी एक गोळी. दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला. 'नमस्कार. तुमची गोळी संपत आली आहे. दुकानात या. काळजी घ्या.' वाक्यं मीच लिहिलेली होती, तरी ती मी दोनदा वाचली.

काम पुरं झालं आणि दुकानात जायचं कारणही संपलं. चाचणीची नोंद शेवटी काढून टाकायची असते. एका ओळीचं काम. मी ते केलं नाही. रोज नऊला चहा घेऊन फोनजवळ बसायचे. दुकानातली लाइट गेलेली असली की मेसेज उशिरा यायचा, आणि तोवर मला चैन पडायचं नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी काकूंचाच फोन आला. मेसेज जाऊनही जे आले नाहीत, त्यांना त्या स्वतः फोन करत होत्या.

"तुह्या नावापुढं लाल खूण दिसून राह्यली. कायची गोळी चालू आहे तुले?"

"काही नाही काकू, ती टेस्टची नोंद आहे."

"मंग काढली काहून नाही?"

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. "थांबा जरा," काकू त्याला म्हणाल्या, आणि मग मला, "रोज येते का तो मेसेज तुले?"

"हो."

"वाचतं तू?"

"हो."

पलीकडे त्यांनी त्या गिऱ्हाइकासाठी खण उघडला. मग म्हणाल्या, "तीन वाजता ये. तवा कोणी राहत नाही दुकानात. मलेई दुपार जात नाही."

मी गेले, आणि त्यांच्यासमोर ती नोंद काढली. त्यांनी शेंगदाण्याचा डबा पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला नाही. ती सकाळ फार लांब गेली.

अजून नोकरी लागलेली नाही. तीन वाजता दुकानात जाते. आम्ही फारसं बोलत नाही. त्या पेपर वाचतात, मी अर्ज पाठवते. कधी तासभर एकही गिऱ्हाईक येत नाही, समोरून कापसाची गाडी तेवढी जाते. चार-साडेचारला मी उठते. पेपरातून मान वर न करता काकू म्हणतात, "उद्या येजो."